पऱ्हाटीतलं नॅनो: बनवायचं नाही, सोडवायचं

शेवटची वेचणी झाली की पहूर-जामनेर भागात कपाशीच्या पऱ्हाट्या उरतात. काही चुलीत जातात, बऱ्याच शेतातच जाळल्या जातात. बांधावर रचून ठेवल्या तर किडक्या बोंडांतली गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात परत येते. पऱ्हाटीला भाव मिळाला तर शेत वेळेवर मोकळं होईल. नॅनोसेल्युलोजकडे बघायचं ते यासाठी.

पऱ्हाटीत मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन असतं. सेल्युलोजच्या साखळ्या काही ठिकाणी ओळीत घट्ट बसलेल्या असतात, तो स्फटिकी भाग. अधूनमधून त्या सैल, विस्कटलेल्या असतात. आपल्याला हवा तो घट्ट भाग. जाडी साधारण 5 ते 20 नॅनोमीटर, लांबी शे-दोनशे नॅनोमीटर. आपला केस सुमारे 80 हजार नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे अंदाज येईल.

तो काढायचा कसा? पऱ्हाटीची भुकटी कॉस्टिक सोड्यात शिजवून ब्लीच केली की लिग्निन निघतं आणि पांढरं सेल्युलोज उरतं. मग सुमारे 64 टक्के सल्फ्युरिक आम्ल, 45 अंश सेल्सिअस, साधारण पाऊण तास. आम्ल आधी सैल भागात शिरतं, तिथे साखळ्या तुटतात आणि घट्ट कांड्या सुट्या होतात. वेळ वाढला तर कांड्याही तुटतात. थोडक्यात, हे कण आपण बनवत नाही, झाडाने बनवलेले सोडवून घेतो.

जमलं की नाही हे एक्स-रे सांगतो. आलेखात 22.5 अंशांजवळचं शिखर स्फटिकी भागाचं, तर 18 अंशांजवळची उंची सैल भागाची. दोन्हींच्या तुलनेतून स्फटिकी भागाचा अंदाज येतो. ही पद्धत सेगल आणि सहकाऱ्यांनी 1959 मध्ये दिली.

वजनाच्या मानाने या कांड्या पोलादापेक्षा ताठ असतात. म्हणून कागद, पॅकिंगची फिल्म, प्लास्टिक मजबूत करायला त्यांचा उपयोग होतो. मुंबईच्या माटुंग्यातल्या ‘सिरकॉट’ या केंद्रीय संस्थेत पऱ्हाटीच्या पार्टिकल बोर्डवर आणि कापसापासूनच्या नॅनोसेल्युलोजवर, दोन्हींवर काम झालंय.

मग अडतं कुठे? आम्लात आणि पाण्यात. धुवायला भरपूर पाणी लागतं आणि पातळ झालेलं आम्ल परत दाट करायला खर्च येतो. म्हणून ‘पऱ्हाटीपासून नॅनो’ असं कुणी सांगितलं, तर तीन गोष्टी नक्की विचारा: एक किलो पऱ्हाटीतून किती मिळालं, पाणी किती लागलं, आणि आम्लाचं पुढे काय केलं?