ईटन, रिचर्ड मॅक्सवेल
(१९४०– ). दख्खनमधील लष्करी गुलामगिरीचे अभ्यासक व अमेरिकन इतिहासकार. विस्कॉन्सिन विद्यापीठाची पीएच्.डी. (१९७२) संपादन केल्यानंतर त्यांनी ॲरिझोना विद्यापीठात अध्यापन केले. विजापूरच्या सूफींवरील ग्रंथ (१९७८) व आठ चरित्रांतून मांडलेला दख्खनचा सामाजिक इतिहास (२००५) ही त्यांची महत्त्वाची ग्रंथनिर्मिती होय. इंद्राणी चॅटर्जी यांच्यासह त्यांनी दक्षिण आशियातील गुलामगिरीवरील लेखसंग्रह संपादिला (२००६).

बीड, अहमदनगर इ. प्रदेशांवर सत्ता असलेल्या निजामशाहीत हबशी गुलाम लष्करात घेतले जात. आप्तांपासून तुटलेला गुलाम केवळ धन्याशी एकनिष्ठ राही. म्हणून दख्खनी व परदेशी अमीरांच्या संघर्षात त्यास मागणी असे, असे ईटन यांचे प्रतिपादन आहे. इथिओपियात जन्मलेल्या मलिक अंबरला (सु. १५४८–१६२६) निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने विकत घेतले. चंगीझखान स्वतःही पूर्वी गुलामच होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला व पुढे राज्याचा सूत्रधार बनला. असे मुक्त हबशी दख्खनमध्ये संसार थाटून स्थानिक समाजात मिसळले. परिणामी सतराव्या शतकाच्या मध्यास ही पद्धती कोणत्याही कायद्यावाचून लोप पावली.

घरगुती गुलामगिरी मात्र टिकून राहिली. पेशवाईत बटकी व कुणबिणींची खरेदी-विक्री होई. कंपनीच्या मुलुखात १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीची न्यायालयीन मान्यता काढून घेण्यात आली. तथापि निजामाच्या राज्यात असलेल्या बीडला तो कायदा लागू नव्हता.