लोणारच्या तळ्याला दिलेला शब्द

दोस्तांनो, लोणारला गेला आहात का? नसाल, तर येत्या सुट्टीत आईबाबांकडे जरूर हट्ट धरा. बुलढाणा जिल्ह्यातल्या या गावी काठावर उभं राहून खाली पाहिलं, की भलीमोठी वाटी दिसते. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाची! आकाशातून आलेला अशनी बेसाल्टच्या कातळावर आदळला आणि हे विवर तयार झालं. तळाशी आहे खारं पाणी. जून 2020मध्ये हे पाणी चक्क गुलाबी झालं!

तळ्याचं जतन व्हावं म्हणून काही नागरिकांनी केलेली जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आधीपासूनच होती. न्यायालयाने पाणी तपासायला सांगितलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने उत्तर शोधलं. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले होते.

आता नीट बघा हं. नागरिकांनी प्रश्न विचारला, न्यायालयाने ऐकला, शास्त्रज्ञांनी तपास केला. यांपैकी कुणीही निवडणूक जिंकलेली नव्हती. तरीही ही लोकशाहीच होती!

निम्मी लोकशाही

समजा, तुमच्या वर्गात मॉनिटरची निवडणूक झाली. 40पैकी 30 मतं मिळवून एकजण जिंकला. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "बाईंकडे तक्रार करायची नाही. मला मत न देणाऱ्या दहाजणांनी मागे बसायचं. आणि पुढच्या वेळी मतं मीच मोजणार!" आता सांगा, मतदान तर झालं होतं ना? मग चुकलं कुठे?

अशा कारभाराला 'अनुदार लोकशाही' म्हणतात. म्हणजे निवडणुका होतात, पण जिंकलेल्याला अडवणारे नियम, न्यायालयं आणि वर्तमानपत्रं दुबळी केली जातात. हा शब्द जगभर गाजला तो 1997मधल्या एका लेखामुळे. त्याचे लेखक फरीद झकेरिया हे मुंबईत जन्मलेले. त्यांचे वडील डॉ. रफिक झकेरिया यांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालयं उभी केली. पुढे 2014मध्ये हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान व्हिक्टर ऑर्बान यांनी तर भाषणात सांगूनच टाकलं, की आम्ही अनुदार राज्य उभारतो आहोत!

आपणही हे थोडं भोगलं आहे. जून 1975मध्ये निवडून आलेल्याच सरकारने आणीबाणी लादली. विरोधक तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. त्या वर्षी कराडच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या दुर्गा भागवत. त्यांनी लेखनस्वातंत्र्यासाठी आवाज उठवला आणि पुढे त्यांनाही तुरुंगवास घडला. 1977मध्ये मतदारांनी ते सरकार घालवलं.

देशांचा वर्ग

वर्गाचं जे, तेच जगाचं. फरक एवढाच, की देशांच्या वर्गात बाई नाहीत! दुसऱ्या महायुद्धानंतर देशांनी एकमेकांना शब्द दिले, करार केले. तोच त्यांचा नियम.

असाच एक करार 2 फेब्रुवारी 1971 रोजी इराणमधल्या रामसर गावी झाला. तळी, दलदली, खाड्या जपण्याचा! भारत त्यात 1982मध्ये सामील झाला. आज 170हून अधिक देश त्यात आहेत आणि 2020पासून आपलं लोणारही त्या यादीत आहे. हे कशाला, म्हणाल? लोणारला दिसणारी चक्रवाक बदकं हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. ती काही पासपोर्ट दाखवत नाहीत! एका देशाने तळं राखलं आणि दुसऱ्याने बुजवलं, तर काय उपयोग?

पण या कराराला पोलीस नाहीत. आहे फक्त शब्द. 2022मध्ये सभासद देशांनी ठराव केला, की रशियाच्या आक्रमणामुळे युक्रेनच्या पाणथळ जागांचं नुकसान होत आहे. जुलै 2025मध्ये झिंबाब्वेतल्या परिषदेत रशियाने जाहीर केलं, आम्ही करार सोडतो! त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेनेही पॅरिस हवामान करार आणि जागतिक आरोग्य संघटना सोडायचं ठरवलं. नियम आपल्याला टोचला, की उठून जायचं!

खरं सांगायचं, तर हे नियम सगळ्यांना कधीच सारखे नव्हते. सुरक्षा परिषदेत नकाराधिकार पाचच देशांना आहे. 2003मध्ये अमेरिकेने त्या परिषदेच्या मंजुरीशिवाय इराकवर हल्ला केला. तेव्हा इतरांचा राग समजण्यासारखा आहे. पण अंपायर पक्षपाती असेल तर चांगला अंपायर मागायचा, की स्टंप उपटून घरी न्यायचे?

लोणारच्या तळ्याला मत देता येत नाही, चक्रवाकालाही नाही. मागे बसवलेल्या त्या दहाजणांकडे मतं आहेत, पण ती कमी पडतात. या सगळ्यांना आधार एकच, जिंकणाऱ्यानेही पाळायचा नियम.

आज रात्री जेवताना आजीआजोबांना आणीबाणीच्या आठवणी विचारा. आणि उद्या वर्गात बसून एक नियम तयार करा, मॉनिटरनेही पाळायचा. मॉनिटर तुम्ही स्वतः असलात, तर पहिली सही तुमची हवी, बरं का!