बोटीवरची हेर्टा आणि घोडनदीची विभावरी

नगरहून पुण्याला जाताना शिरूरचा पूल लागतो. खाली घोड नदी. अलीकडे आपला नगर जिल्हा, पलीकडे पुणे. एसटीत या पुलावर कुणी चहाचा विचार करतं, कुणी पिशव्या सांभाळतं. मला मात्र दरवेळी एका नवरा-बायकोची आठवण येते. बायको या घोडनदीत वाढलेली, खरे मास्तरांची बाळूताई. नवरा अमरावतीचा, सिनेमावाला. विश्राम बेडेकर आणि मालतीबाई बेडेकर.

आज गोष्ट सांगायचीय ती विश्रामरावांच्या एका पुस्तकाची. पण बाईंना बाजूला ठेवून ती सांगताच येणार नाही.

बेडेकरांचा जन्म १९०६ चा. आधी नाटक, मग सिनेमा. १९३४ च्या सुमारास ते दिग्दर्शनात आले. सिनेमाचं शिक्षण नीट घ्यायचं म्हणून थेट इंग्लंड गाठलं. त्या काळात लोक बॅरिस्टर व्हायला विलायतेला जात, हे गेले सिनेमा शिकायला! घरच्यांना काय वाटलं असेल, कल्पना करा.

परत येताना युरोपात युद्धाचे ढग जमले होते. हिटलरच्या जर्मनीतून ज्यू माणसं जीव मुठीत धरून मिळेल त्या बोटीनं पळत होती. बरेच जण शांघायकडे निघाले होते, कारण तिथं उतरायला व्हिसा लागत नव्हता. घर गेलं, देश गेला, हातात एक बॅग. बोटीवरचं हे जग बेडेकरांनी कादंबरीत उतरवलं आणि १९३९ मध्ये ‘रणांगण’ प्रसिद्ध झाली.

पुस्तक अगदी लहानसं. दुपारचं आवरून बसलात तर दोन दुपारींत संपेल. चक्रधर विध्वंस नावाचा मराठी तरुण, प्रेमात पोळलेला, बायकांवरचा विश्वास उडालेला. त्याला बोटीवर भेटते हेर्टा, जर्मनीतून निघालेली ज्यू मुलगी. दोघांना ठाऊक असतं की मुंबई आली की हा उतरणार आणि तिची बोट पुढे जाणार. एवढीच गोष्ट. पुढचं सांगत नाही, तुम्हीच वाचा. पण हेर्टा ज्या धिटाईनं प्रेम करते ना, ते वाचताना आपणच तिच्याकडे बघत राहतो. चक्रधरचा मात्र मला अजून राग येतो. स्वतःच्या जखमेला इतकं कुरवाळणारा पुरुष बायकांना नवा नाही, नाही का?

लिहिण्याची तऱ्हाही सिनेमावाल्याची. पाल्हाळ नाही. एक प्रसंग दिसतो, तुटतो, दुसरा सुरू होतो. डेकवरची माणसं समोर हालतात-बोलतात. ‘रणांगण’ नंतर बेडेकर पुन्हा सिनेमाकडे वळले. १९४१ चा ‘शेजारी’ त्यांनीच लिहिलेला. जिवाभावाचे दोन मित्र, एक हिंदू, एक मुसलमान, आणि त्यांच्यात पाडलेली फूट. बोटीवरची ती माणसं डोळ्यांसमोर असल्याशिवाय हे सुचलं असेल असं मला वाटत नाही. पुढे ‘अमर भूपाळी’ लिहिला, १९६३ मध्ये ‘रुस्तम सोहराब’ दिग्दर्शित केला. सुरैयाचा तो शेवटचा चित्रपट. एवढं करूनही लोक त्यांना ओळखतात ते या छोट्याशा कादंबरीमुळे.

आता बाईंकडे वळू. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावानं ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला आणि महाराष्ट्र ढवळून निघाला. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते त्यात उघड लिहिलं होतं. घर चालतंय लेकीच्या पगारावर, मग तिच्या लग्नाची घाई कुणाला असणार? हा प्रश्न आजही काही घरांत दबक्या आवाजात फिरतो. तेव्हा तर निषेध झाले. ही विभावरी कोण, याचा शोध सुरू झाला, प्रकाशक ह. वि. मोट्यांनी काही पत्ता लागू दिला नाही. ती होती बाळूताई खरे, कर्व्यांच्या संस्थेत शिकलेली आणि शिकवणारी. पुढे सोलापुरात, इंग्रज सरकारनं ज्यांना ‘गुन्हेगार’ ठरवलं होतं त्या जमातींच्या वसाहतीत त्यांनी नोकरी केली. त्यातून १९५० मध्ये ‘बळी’ ही कादंबरी आली.

१९३८ मध्ये दोघांचं लग्न झालं. बाईंचा जन्म १९०५ चा, म्हणजे नवऱ्यापेक्षा मोठ्या. त्यात नोकरी केलेल्या, आणि टोपणनावानं का होईना, आधीच गाजलेल्या. आपल्याकडे आजही पत्रिका जुळवताना मुलगी वर्षभरानं मोठी निघाली तर बोलणी मोडतात!

एका घरात दोन लेखणी, म्हणजे भांड्याला भांडं लागणारच. पण दोघांची वाट स्वतंत्र राहिली. १९८१ मध्ये मालतीबाई समांतर साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. १९८६ मध्ये विश्रामराव अखिल भारतीय संमेलनाचे. त्याआधी १९८४ मध्ये त्यांचं ‘एक झाड आणि दोन पक्षी’ हे आत्मचरित्र आलं आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकाच झाडावरचे दोन पक्षी, एक फळ खातो, दुसरा नुसता बघतो, अशी उपनिषदातली कल्पना आहे. विश्रामराव १९९८ मध्ये गेले, मालतीबाई २००१ मध्ये.

तालुक्याच्या वाचनालयात ‘रणांगण’ बहुधा असेल. पातळ पुस्तक, जाडजूड कादंबऱ्यांच्या मागे सरकलेलं असतं. हात घालून शोधा. आणि घेताना शेजारच्या कप्प्यात ‘कळ्यांचे निःश्वास’ दिसतंय का, तेही बघा.