सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग अंग का दुखते?

सकाळी उठतानाच अंग ठणकत असते. रात्रभर झोपूनही झोप झाल्यासारखी वाटत नाही. ओट्यापाशी अर्धा तास उभे राहिले की पाठ भरून येते, आणि लोकलमधून उतरून पुलाचा जिना चढताना पायांत गोळे येतात. घरची माणसे सुरुवातीला काळजीने विचारतात, पुढे विचारेनाशी होतात. वर्ष-दीड वर्षात तीन डॉक्टर बदलून होतात, रिपोर्टची फाइल जाड होत जाते आणि अखेर एके दिवशी ऐकावे लागते, ‘तुम्हाला काहीही झालेले नाही, उगाच मनावर घेऊ नका.’ हा अनुभव पदरी असलेल्या रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण अधिक आहे.

वस्तुतः ‘रिपोर्ट नॉर्मल’ याचा अर्थ एवढाच, की जे तपासले त्यात दोष आढळला नाही. जे तपासलेच नाही, किंवा जे रक्तात दिसतच नाही, त्याविषयी तो कागद काहीच सांगत नाही. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या अंगदुखीचे कारण बहुतेक वेळा प्रयोगशाळेत नव्हे, तर रुग्णाला नीट विचारलेल्या प्रश्नांतून सापडते.

पहिला प्रश्न, नेमके दुखते काय? सांधा, स्नायू की हाड? सांध्यांवर सूज असेल आणि सकाळचा आखडलेपणा अर्धा-पाऊण तास टिकत असेल, तर संशय दाहजन्य संधिवाताकडे जातो. थकव्याचेही तसेच. ‘थकवा’ या एका शब्दात तीन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. दिवसा डोळे मिटत असतील आणि रात्री मोठ्याने घोरणे असेल, तर झोपेत श्वास अडखळण्याचा विकार तपासावा लागतो. चालताना धाप लागत असेल तर रक्तक्षय किंवा हृदय. जमिनीवरून उठताना बळच लागत नसेल, तर थायरॉइड, स्नायूंचे आजार किंवा ‘ड’ जीवनसत्त्व.

यांपैकी शेवटचे कारण सर्वाधिक फसवे. रुग्ण ‘अंग दुखते’ म्हणतो, पण दुखत असते ते हाड. नडगीवर किंवा बरगडीवर अंगठा दाबला की कळ येते, मांड्या व कंबर ठणकते, चाल किंचित डुलती होते. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावाने हाडे मऊ पडण्याच्या या विकाराला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. उन्हाच्या देशात असे का, हा प्रश्न साहजिक आहे. मात्र खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात ‘ड’ तयार करणारे अतिनील किरण जवळजवळ उरत नाहीत, आणि सावळ्या त्वचेला अधिक वेळ ऊन लागते. अशा रुग्णाच्या रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेले आणि फॉस्फरस बहुधा कमी झालेले असते. ही दोन्ही साध्या तपासणीत कळतात, पण पहिल्या आकड्याकडे केवळ यकृताची चाचणी म्हणून पाहिले, तर निदान हातातून निसटते. उलटपक्षी, ‘ड’ थोडे कमी असणे शहरांत इतके सर्रास आहे, की केवळ तेवढ्या आकड्यावर सगळ्या दुखण्याचे खापर फोडता येत नाही. आठवड्याला एक घ्यायची ६० हजार युनिटची पुडी महिनोन् महिने मनाने घेत राहिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढते, आणि त्याचेही एक लक्षण थकवा हेच आहे!

रक्तक्षयाबद्दल वेगळे सांगायला नको. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये तो आढळला. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातील लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो. त्यासाठी फेरिटिन पाहावे लागते. शाकाहारी घरांत ‘ब-१२’ची कमतरता नेहमीची. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती आणखी वाढते.

औषधांची यादी हा तर पुष्कळदा राहून जाणारा प्रश्न. कोलेस्टेरॉलसाठी दिलेल्या स्टॅटिन गोळ्यांनी काहींचे स्नायू दुखतात. ‘गुडघेदुखीवर रामबाण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असते. ती घेतल्यावर दोन दिवसांत बरे वाटते, आणि काही महिन्यांनी एकाएकी बंद केल्यास रुग्ण अक्षरशः गळून जातो. ताकदीच्या सलाइनने यातले काहीही सुधारत नाही.

मागील वर्षातील तापाचीही चौकशी हवी. चिकुनगुन्याची साथ १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत आली होती. त्यानंतर जवळजवळ विसरला गेलेला हा आजार २००५-०६ मध्ये परतला आणि राज्यातील गावेच्या गावे आखडून गेली. ताप आठवड्यात उतरतो, सांधेदुखी मात्र काहींमध्ये महिने, क्वचित वर्षेही रेंगाळते.

चाचण्या कमी झाल्या तर निदान हुकते, तसे जास्त झाल्यानेही हुकते. ‘फुल बॉडी पॅकेज’मधील आर. ए. फॅक्टर निरोगी माणसातही पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि यूरिक अॅसिड वाढलेल्या बहुसंख्यांना गाऊट नसतो. सांध्यावर सूज नसताना केवळ कागद पाहून संधिवाताची औषधे सुरू होणे, हे निदान न होण्यापेक्षाही वाईट. मात्र वजन घटणे, रात्री ताप येणे, एकाच जागी सतत वाढत जाणारे हाडाचे दुखणे, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे असेल, तर तपासणीत हयगय नको. क्षय आणि मल्टिपल मायलोमासारखे कर्करोग अशा वेळी वगळावेच लागतात.

एवढे पाहूनही सर्वांगाचे दुखणे, न भागणारी झोप आणि विस्मरण उरते, तेव्हा फायब्रोमायल्जियाचा विचार होतो. ‘काही सापडले नाही’ याला दिलेले हे गोंडस नाव नव्हे. यात मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे संदेश वाढवून घेतात; साधा दाबही दुखरा होतो. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने १९९० मध्ये शरीरावरील १८ पैकी ११ बिंदू दुखरे असण्याची अट घातली होती. २०१० च्या निकषांत ती गेली आणि वेदनेचा विस्तार, झोप व थकवा यांना महत्त्व आले. २०१६ च्या सुधारणेत आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली, की दुसरा आजार असला तरी हे निदान होऊ शकते. म्हणजे थायरॉइड सापडले म्हणून शोध तिथेच थांबत नाही; गोळी सुरू होऊन आकडे सुधारले, तरी दुखणे कायम असेल तर पुन्हा पाहावे लागते. नैराश्याची विचारपूसही याच वेळी व्हावी. नैराश्य अंगदुखीच्या रूपाने प्रकट होते, पण म्हणून ती वेदना खोटी ठरत नाही.

नाव अचूक असणे का महत्त्वाचे, हे उपचारांतून कळते. फायब्रोमायल्जियात वेदनाशामक गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. दहा मिनिटांच्या चालण्यापासून हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम हा मुख्य उपचार, जोडीला झोपेची घडी बसवणे आणि गरजेनुसार अॅमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन किंवा प्रीगाबॅलिन. मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस, म्हणजेच ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ हा त्याच्यासारखाच दिसणारा आजार. त्यात थोड्याशा श्रमानंतर, कधी दुसऱ्या दिवशी, रुग्ण अंथरुणाला खिळतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ मध्ये या रुग्णांना ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला देऊ नये, असे स्पष्ट केले. एका रुग्णाला जे चालणे औषधासारखे, तेच दुसऱ्याला आठवडाभर झोपवणारे. त्यामुळे डॉक्टरांकडे जाताना जाड फाइलसोबत दोन आठवड्यांची छोटी नोंदवही असावी. किती झोप लागली, काय काम केले आणि त्यानंतरच्या दोन दिवसांत अंग कसे होते, एवढेच तिच्यात लिहावे.