बडनेरा: कापसाच्या वाटेवरचे जंक्शन

भातकुलीच्या शेतातून निघालेली कापसाची गाडी शिगोशीग भरलेली दिसते, पण वजन बेताचेच असते. त्यातही रुई साधारण एकतृतीयांश. बाकीची बहुतेक सरकी. जवळच्या बडनेऱ्याची वाढ समजून घ्यायची, तर या हिशेबापासून सुरुवात करावी.

रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई. १८६७ मध्ये मुंबईकडून येणारा लोहमार्ग बडनेऱ्यावरून नागपूरला पोचला. कापसाची मोठी पेठ अमरावती मात्र सुमारे दहा किलोमीटर बाजूला राहिली. १८७१ मध्ये फाटा काढून ती जोडली आणि बडनेरा जंक्शन झाले.

सुट्या रुईने डबा भरतो, पण त्याची वजन वाहण्याची क्षमता वाया जाते. म्हणून जिनिंगमध्ये सरकी काढायची आणि प्रेसिंगमध्ये रुई दाबून गाठी बांधायच्या. वस्तुमान तेच, आकारमान कमी. म्हणजे घनता वाढली. असे कारखाने रेल्वेच्या आश्रयाने वाढले. सूत आणि कापड मात्र बरेचसे मुंबईत व मँचेस्टरकडे तयार झाले. तो नफाही तिकडेच राहिला.

विद्यार्थ्यांकडून शंभर ग्रॅम कापसातली सरकी काढून दोन्हींचे वजन करवून घ्या. मग विचारा: आपल्या गावातून आज काय बाहेर जाते, आणि कोणत्या रूपात?