नावांच्या मुळाशी : वॉशिंग्टन

वॉशिंग्टन हे मुळात इंग्लंडच्या ईशान्येकडील एका गावाचे नाव. संडरलंडजवळ, वेअर नदीच्या उत्तरेला हे गाव आजही नांदते आहे. उच्चार ऐकून कपडे धुण्याशी त्याचा संबंध जोडला जातो, पण तो निराधार आहे. प्राचीन इंग्रजीत ‘ह्वॅसा’ हे पुरुषाचे नाव होते, ‘इंग’ हा संबंध दाखवणारा प्रत्यय आणि ‘टून’ म्हणजे आधी कुंपण, मग शेतवाडी, मग वस्ती. आजचा ‘टाउन’ याच ‘टून’चा वंशज. थोडक्यात, ह्वॅसाची वाडी.

दक्षिणेकडे ससेक्समध्येही एक वॉशिंग्टन आहे. दोन्हींचे स्पेलिंग आज तंतोतंत सारखे. मूळ मात्र वेगळे. ससेक्समधल्या गावाचे दहाव्या शतकातील रूप ‘वेसिंगाटून’ असे सापडते. त्यातला ‘इंगा’ अनेकवचनी असल्याने अर्थ होतो ‘वासा नावाच्या पुरुषाच्या माणसांची वाडी’. ईशान्येकडील गावाचे नाव ११८३ च्या सुमारास डरहॅमच्या बिशपच्या जमिनींची नोंद करणाऱ्या ‘बोल्डन बुक’मध्ये येते. स्थळनामाचा अर्थ अशा जुन्या नोंदींवरूनच लावावा लागतो. आजच्या उच्चारावर विसंबले की फसगत ठरलेलीच.

गावाचे नाव माणसाच्या नावाला जोडले गेले ते याच सुमारास. हार्टबर्न गावचा विल्यम नावाचा जमीनदार तोवर ‘विल्यम डी हार्टबर्न’ म्हणून ओळखला जाई. फ्रेंचमधून आलेला हा ‘डी’ मराठी आडनावांतल्या ‘कर’ प्रत्ययाचेच काम करतो. विल्यमने बिशपकडून जमिनीच्या अदलाबदलीत वॉशिंग्टन घेतले आणि त्याचे नावही ‘विल्यम डी वेसिंग्टन’ झाले. गाव बदलले की नाव बदलत होते, म्हणजे ते अजून खऱ्या अर्थाने आडनाव नव्हते. पुढे त्याच्या वंशजांपैकी लॉरेन्स वॉशिंग्टनने १५३९ मध्ये दूर नॉर्दम्प्टनशायरमधली सल्ग्रेव्हची जमीन विकत घेतली, पण तो सल्ग्रेव्हकर झाला नाही. मूळ गाव सुटूनही नाव टिकले, तेव्हा ते आडनाव झाले.

याच घराण्यातला जॉन १६५० च्या दशकात व्हर्जिनियात पोहोचला. त्याचा पणतू जॉर्ज, जन्म १७३२. अमेरिकेच्या नियोजित राजधानीला १७९१ मध्ये जॉर्जचे नाव देण्यात आले, १८८९ मध्ये वॉशिंग्टन हे राज्य अस्तित्वात आले आणि आडनाव पुन्हा स्थळनाम झाले.

आज हे आडनाव लावणारे बहुसंख्य अमेरिकी कृष्णवर्णीय आहेत. २००० च्या जनगणनेत त्यांचे प्रमाण सुमारे नव्वद टक्के होते. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या अनेकांनी आपले आडनाव स्वतःच निवडले. शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन हे त्यांपैकीच एक. शाळेत पहिल्यांदा पूर्ण नाव विचारले गेले, तेव्हा त्या मुलाजवळ आडनावच नव्हते. त्याने तिथल्या तिथे ‘वॉशिंग्टन’ असे सांगितले. त्याच्या सावत्र वडिलांचे पहिले नाव वॉशिंग्टन होते.