बत्तीस फुटांचा संसार

कचेरीतला कारकून "पत्ता?" म्हणून विचारतो आणि आमची पंचाईत होते. आमचे घर आज लंकावी बेटावरच्या कुआ गावासमोर असते, तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच एखाद्या बेटाच्या आडोशाला! मलेशियाच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या या बेटांत आम्ही दोघे २०१६ सालापासून एका शिडाच्या बोटीवर राहतो. सहलीला नव्हे, कायमचे.

हे आगबोटीवर इंजिनियर होते. निवृत्त झाल्यावर माणसे फ्लॅट घेतात; यांनी बत्तीस फूट लांब आणि दहा फूट रुंद अशी एक जुनी बोट घेतली. मी आठ दिवस यांच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी अट घातली, "मी ज्या दिवशी ‘पुरे’ म्हणेन, त्या दिवशी एक अक्षर न बोलता परत फिरायचे." यांनी कबूल केले. ती अट मी पदराच्या गाठीला बांधून ठेवली.

जागेची अडचण होईल म्हणावे, तर ती मुळीच झाली नाही. दादरच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सातजण वाढलो. खाटेखाली ट्रंका, पहाटे भरून ठेवलेले पिंप, वापरली की वस्तू जागच्या जागी! बोटीवर तरी दुसरे काय असते? आमच्या टाकीत दोनशे लिटर गोडे पाणी मावते. दोघांना मिळून दिवसाला दहा लिटर, म्हणजे वीस दिवसांची ददात मिटली. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची, गोड्या पाण्याने नुसती विसळायची. शेगडी दोन खिळांवर झुलती टांगलेली असते. बोट कलली तरी आमटी सरळच राहते. गॅसचा सिलिंडर मात्र वर वेगळ्या कप्प्यात. गॅस हवेपेक्षा जड. गळला तर बोटीच्या तळाशी साठतो आणि एक ठिणगी पुरते. म्हणून त्या कप्प्याला थेट बाहेर, समुद्रावर उघडणारे भोक ठेवलेले असते.

भोकांवरून आठवले. मोरीसाठी, इंजिनाला पाणी घेण्यासाठी, संडासासाठी बोटीच्या अंगाला भोके असतात. प्रत्येकाला एक तोटी, आणि तोटीशेजारी दोरीने बांधलेला लाकडी गुडदा. तोटी फुटली तर तो ठोकून बसवायचा. माझ्या घराला कुठे कुठे भोक आहे ते मला तोंडपाठ आहे!

हे खूळ केवळ श्रीमंतांचे, असेही नाही. लिन आणि लॅरी पार्डी या जोडप्याने स्वतःच्या हातांनी बांधलेली चोवीस फुटी ‘सेराफिन’ १९६८ साली पाण्यात सोडली आणि तिच्यावर पुढची कित्येक वर्षे संसार केला. तिला इंजिनसुद्धा नव्हते.

आता ती रात्र सांगते. २०१९ सालचा ऑगस्ट. हे तापाने फणफणलेले. मलाक्काच्या सामुद्रधुनीत नैर्ऋत्य मोसमात रात्री-पहाटे अचानक वादळे उठतात. त्यांना तिकडे ‘सुमात्रा’ म्हणतात. तीनच्या सुमारास गार वाऱ्याचा झोत आला आणि पाठोपाठ वारा बोटीवर तुटून पडला. मी वर आले. किनाऱ्यावरचे दोन दिवे एका रेषेत दिसले पाहिजेत, ही आमची नांगराची खूण. ते फाकले होते. नांगर घसरत होता. मागे खडकाळ बेट!

यांना हाक मारली. उठू गेले आणि तोल जाऊन खाली बसले. मग मीच रांगत पुढे गेले आणि आणखी वीस मीटर साखळी सोडली. नांगराची साखळी जितकी लांब, तितकी ओढ आडवी आणि नांगर तितका खोल रुतणार. परत येऊन इंजिन चालू केले आणि बोटीचे तोंड वाऱ्याकडे धरून बसले. देवाचे नाव घ्यायलाही सवड नव्हती. डोळे त्या दोन दिव्यांवर. तासाभराने वारा उतरला. दिवे जागच्या जागी होते.

सकाळी हे क्षीण आवाजात म्हणाले, "म्हण आता ‘पुरे’. मी एक अक्षर बोलणार नाही."

मी चहा ठेवला. शब्द ओठांवर आला होता, खोटे कशाला सांगू? पण रात्रभर जे घर मी धरून ठेवले, ते पहिल्यांदाच माझे वाटत होते. तोवर मी यांच्या घरी राहत होते.

पदराची गाठ अजून आहे. यांचे गुडघे दुखतात, पुण्याहून मुलगा दर रविवारी "आता पुरे" म्हणतो. त्याचे चूक नाही. एक दिवस गाठ सोडावी लागेलच.

यंदाच्या दिवाळीला मात्र आकाशकंदील इथेच चढणार. तो पांढऱ्या कागदाचा बरे का! समुद्रावर लाल-हिरव्या दिव्यांना वेगळे अर्थ असतात. नांगरलेल्या बोटीने पांढराच दिवा दाखवायचा. "आम्ही इथे आहोत, सांभाळून जा," एवढेच तो सांगतो.